शेवटच्या बसपासून सुरुवात : किसो खोऱ्यातली भटकंती

जपानच्या खेड्यापाड्यांत गाडी भाड्यानं न घेता फिरायचं असेल, तर बेत संध्याकाळकडून सकाळकडे आखत यावा, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. काय काय बघायचं ही यादी नंतर करावी. आधी बघावं ते शेवटची बस किती वाजता आहे, ती आपल्याला कुठे सोडते आणि तिथे रात्रीचं जेवण नि अंथरूण मिळणार का. एवढं जुळलं की दिवस आपोआप बसतो. तोक्यो-ओसाकात दर चार मिनिटांनी गाडी येते, त्यामुळे आपण वेळापत्रक बघायचंच विसरतो. डोंगरात शिरल्यावर तीच सवय महागात पडते, कारण तिथे दोन गाड्यांमध्ये दोन तासही जातात आणि दुपारी पाचनंतर बस नावाची गोष्टच उरत नाही.

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नागोयात असतो. त्याच्याकडे आई आणि मी गेलो होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघींनीच किसो खोरं करायचं ठरवलं. नागोयाहून मात्सुमोतोला जाणारी रेल्वे वाटेत बराच वेळ किसो नदीच्या काठाकाठानं जाते, आणि त्याच खोऱ्यातून जुना नाकासेंदो रस्ता जातो. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा हा सुमारे ५३० किलोमीटरचा राजमार्ग तोकुगावा काळात (१६०३–१८६८) बांधून काढला गेला. वाटेत ६९ मुक्कामाची गावं होती आणि त्यांतली ११ एकट्या किसोत. त्या अकरांपैकी मागोमे, त्सुमागो, किसो-फुकुशिमा आणि नाराई अशी चार आम्ही निवडली.

तयारी

जपान रेल पास आम्ही घेतला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली. इतक्या छोट्या फेरीला सुटी तिकिटं कितीतरी स्वस्त पडतात. नागोया ते नाकात्सुगावा (मागोमेची बस इथून सुटते) जलद लोकलनं सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि तिकीट तेराशे-चौदाशे येनच्या घरात. 'शिनानो' एक्सप्रेसनं हाच प्रवास पाऊण-एक तासात होतो, पण तिला वेगळं जादा शुल्क द्यावं लागतं.

वेळापत्रक बघताना दोन गोष्टी नीट तपासाव्यात. एक, कामाच्या दिवसांचं वेगळं आणि शनिवार-रविवार-सणाचं वेगळं वेळापत्रक असतं. दुसरं, डोंगरातल्या काही बस हिवाळ्यात कमी होतात. मोबाइलच्या नकाशावर आगगाडीची वेळ बहुधा बरोबर येते, गावच्या बसची येईलच असं नाही. म्हणून बस चालवणाऱ्या कंपनीच्या किंवा नगरपालिकेच्या पानावरचा तक्ताच बघायचा, आणि तो जपानी असला तरी चालतो, कारण आकडे आपल्याला कळतात. मी प्रत्येक थांब्याच्या तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला. कागदावर एक लहानशी चिठ्ठीही केली, आईच्या पर्समध्ये राहील अशी. एका बाजूला आम्हाला पकडायची बस, दुसऱ्या बाजूला ती चुकली तर पुढची.

मोठ्या बॅगा नागोयाहून थेट मात्सुमोतोच्या हॉटेलवर पाठवल्या. ताक्क्यूबिन ही घरपोच सामान नेण्याची सेवा म्हणजे अशा प्रवासाचा कणा आहे. हॉटेलच्या काउंटरवर किंवा चोवीस तास चालणाऱ्या दुकानात बॅग द्यायची, तारीख सांगायची, की ती त्या दिवशी तिकडे हजर. पाठीवर एकेक सॅक उरली. तिच्यात कपड्यांपेक्षा जास्त जागा मेतकुटाच्या डब्यानं, शेंगदाण्याच्या चटणीनं आणि खाकऱ्यांनी खाल्ली होती, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

आई शाकाहारी आहे. जपानी स्वयंपाकात मासा दिसला नाही तरी 'दाशी' असतं. सुकवलेल्या माशाचं ते पाणी सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे घालतात. त्यामुळे घरगुती मुक्कामांना, ज्यांना 'मिन्शुकु' म्हणतात, खोली ठरवतानाच लिहून कळवलं होतं : मासे नकोत, मांस नको, दाशीही नको. पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. जेवण आपल्या नावानं सकाळपासून शिजत असतं, आणि ऐन वेळी बदल सांगणं म्हणजे यजमानीणबाईंच्या दिवसभराच्या कष्टांचा अपमान. एका ठिकाणाहून नम्र नकार आला, बाकीच्यांनी होकार दिला. दोन वेळच्या जेवणासकट माणशी दहा ते पंधरा हजार येन धरून चालावं, आणि ते रोख. रोकड नागोयातच काढून घेतली. सेव्हन-इलेव्हन आणि टपाल खात्याच्या एटीएमवर आपली कार्डं चालतात, पण डोंगरात ती शोधत फिरायला नको.

पहिला दिवस : नागोया – नाकात्सुगावा – मागोमे

नाकात्सुगावाला उतरलो ते मुद्दाम दुपारच्या आधी. मागोमेची बस साधारण तासाला एक असते, पण हे गाव चेस्टनटचं आहे आणि आम्ही अगदी हंगामात आलो होतो. इथली कुरी-किन्तोन ही मिठाई चेस्टनट आणि साखर एवढ्यावरच होते. चेस्टनट उकडून, गर काढून, साखरेबरोबर आटवतात, आणि फडक्यात पिळून मोदकासारखी टोकदार गोळी वळतात. फडक्याच्या चुण्या तिच्यावर तशाच उमटलेल्या असतात. आईनं ती तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली, एक तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "अगं, साखर अगदी बेताची आहे. ह्यांना कळतं." तिच्या तोंडून मिठाईला याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

बस स्टेशनसमोरूनच सुटते. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बसची रीत सांगते. मागच्या दारानं चढायचं आणि यंत्रातून बाहेर आलेली चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर एक आकडा असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते, तिथे आपल्या आकड्याखालचं भाडं थांब्यागणिक वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमकी नाणी पेटीत टाकायची. सुटे नसतील तर त्याच पेटीत हजाराची नोट मोडून मिळते. दहा हजाराची नोट मात्र मोडत नाही, म्हणून हजाराच्या नोटा आणि नाणी कायम जवळ असावीत. पंचवीसेक मिनिटांत मागोमे आलं.

मागोमे म्हणजे एक चढ. बाकी गाव त्या चढाच्या दोन्ही बाजूंना. दगडी फरशीची वाट, कडेनं धावणारं पाणी, पाणचक्की, आणि वर पोचून मागे वळलं की समोर एना डोंगर, २,१९१ मीटरचा. घरं दिसतात तितकी जुनी नाहीत. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जळालं, ते पुन्हा उभं केलेलं आहे. हे कळल्यावर मला ते गाव जास्त आवडलं. लेखक शिमाझाकी तोसोन (१८७२–१९४३) इथल्या होन्जिनमध्ये, म्हणजे सरदारांच्या उतारवाड्यात जन्मले, आणि त्या जागेवर आता त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. गावाचा प्रांतही बदललेला आहे. २००५ पर्यंत मागोमे नागानोत होतं, मग नाकात्सुगावा शहरात विलीन होऊन गिफूत आलं. सीमा हलली, बस मात्र आधीही नाकात्सुगावाहूनच येत होती.

दुपारी गर्दी होती. चारनंतर सहलींच्या बस निघाल्या, दुकानांच्या फळ्या लागल्या, आणि साडेचार-पाचला वाटेवर आम्ही आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा एवढेच उरलो. अशा गावात रात्र काढावी म्हणतात ती यासाठी. दिवसा आपण पाहुणे असतो, संध्याकाळी गावातले लोक झाडायला, भांडी विसळायला, शेजाऱ्याशी बोलायला बाहेर येतात. जेवण बरोबर सहाला. इथे सहा म्हणजे सहाच, म्हणून मुक्कामी पाचच्या आत पोचावं. भात, भोपळ्याची भाजी, टोफू, रानभाज्यांची तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, आणि लाल सलगमाच्या पाल्याचं आंबट लोणचं, 'सुन्की'. मिठाचा कणही न घालता नुसतं आंबवून केलेलं. समुद्रापासून दूर असलेल्या या खोऱ्यात मीठ महाग होतं, तेव्हापासूनची ही रीत सांगतात. गरम भातावर आईनं मेतकूट पसरलं. यजमानीणबाईंनी वास घेऊन खुणेनं विचारलं, तेव्हा तिनं एका लहान वाटीत थोडं काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

दुसरा दिवस : मागोमे – खिंड – त्सुमागो

या सहलीचा खरा दिवस हा. मागोमे ते त्सुमागो ही सुमारे आठ किलोमीटरची जुनी वाट आता जगभरातून लोक चालायला येतात. मागोमे साधारण ६०० मीटर उंचीवर, मधली खिंड ७९० वर आणि त्सुमागो ४२० वर. म्हणजे मागोमेकडून निघालं तर आधी दोनशे मीटर चढ आणि मग सगळा उतारच उतार. उलट दिशेनं चढ जवळपास दुप्पट.

आई रोज सकाळी पर्वती चढते, तेव्हा चालण्याची भीती नव्हती. पण चढ आणि मग लांब उतार असं दोन्ही मिळून तिच्या गुडघ्यांना नको होतं. इथे बसनं काम सोपं केलं. मागोमेहून नागिसो स्टेशनकडे जाणारी बस खिंडीवरूनच जाते आणि तिथे थांबा आहे. सकाळच्या बसनं दहा मिनिटांत खिंडीत उतरायचं आणि तिथून त्सुमागोपर्यंतचा पाचेक किलोमीटरचा उतार चालायचा. याच बसला वाटेत ओदाकी-मेदाकी धबधब्यांपाशी आणि ओत्सुमागोलाही थांबे आहेत. कुणी दमलं, पाऊस आला, तर तिथून बस पकडता येते. बस मोजक्याच आहेत, म्हणून त्या थांब्यांच्या वेळा चिठ्ठीत लिहिलेल्या होत्या. वयस्क माणसांना घेऊन जाणाऱ्यांना मी हा मार्ग आग्रहानं सांगेन. आठ किलोमीटर झेपणार नाहीत म्हणून ही वाट सोडून देणारे बरेच भेटतात, आणि त्याची काही गरज नसते.

सॅकही पाठीवर नेल्या नाहीत. वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत मागोमे आणि त्सुमागोची पर्यटक माहिती केंद्रं एकमेकांकडे सामान पोचवतात. सकाळी साडेअकराच्या आत द्यायचं, दुपारी एकनंतर दुसऱ्या टोकाला घ्यायचं. नगाला हजार येनच्या आसपास.

खिंडीतून खाली उतरताच सुरूच्या आणि देवदाराच्या जातीची उंच झाडं दोन्ही बाजूंनी येतात आणि उजेड हिरवट होतो. ठराविक अंतरावर खांबाला पितळी घंटा टांगलेली. अस्वलांना आपण येतोय हे कळावं म्हणून ती जोरात वाजवायची. शरद ऋतूत अस्वलं खाली उतरतात, तेव्हा ही घंटा शोभेची नव्हे. आईनं प्रत्येक घंटा देवळातल्यासारखी मनापासून वाजवली आणि एकदा हातही जोडले.

थोडं उतरल्यावर इचिकोकु-तोचीचा जुना चहाघर-विसावा लागतो. मोठं लाकडी घर, आत चुलाण्यात लाकडं जळत असतात, काळी किटली वर टांगलेली. गावातली स्वयंसेवक मंडळी येणाऱ्या प्रत्येकाला फुकट चहा देतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा होते. त्यांनी चहा दिला, बरोबर लोणच्याची बशी, आणि कुठून आलात म्हणून विचारलं. "इंदो" म्हटल्यावर भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवायला लावलं. आईनं पुण्यावर बोट ठेवलं. धुरानं काळं झालेलं छत, तुळयांना लोंबणाऱ्या काजळीच्या जाळ्या, आणि चुलाण्याभोवती चार देशांतली माणसं बूट काढून बसलेली. आम्ही तिथे हवे त्यापेक्षा जास्त वेळ बसलो. पुढच्या बसची घाई नव्हती, कारण मुक्काम खालच्याच गावात होता.

या घराशेजारीच एके काळी लाकडाचं तपासणी नाकं होतं. किसोचं जंगल ओवारी जहागिरीच्या ताब्यात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले आणि शहरं उभी करायला इथली झाडं बेसुमार तोडली गेली, डोंगर बोडके झाले, तेव्हा जहागिरीनं हिनोकी, सावारा, आसुनारो, नेझुको आणि कोयामाकी या पाच झाडांवर बंदी घातली. एका झाडाला एक मुंडकं, अशी शिक्षेची ख्याती होती. नाक्यावर वाटसरूच्या लहानसहान लाकडी वस्तूवरही परवान्याचा शिक्का आहे का ते बघत. नाकं १८६९ मध्ये उठलं. आज ज्या सावलीतून आपण चालतो ती या कडक कायद्याची देणगी आहे. गावकऱ्यांना ती किती जड गेली असेल, आपल्याच दारातलं झाड आपलं नाही म्हणून किती पिढ्या कुढल्या असतील, हेही त्या सावलीत चालताना मनात आल्याशिवाय राहत नाही. इसे इथलं प्रसिद्ध शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, त्यालाही किसोचाच हिनोकी लागतो. २०३३ च्या बांधणीसाठी पहिली झाडं किसोतल्याच आगेमात्सुच्या जंगलात २०२५ च्या जूनमध्ये विधिपूर्वक पाडली गेली.

धबधबे, ओत्सुमागोतली दोन-चार घरं, दारात दोऱ्याला टांगलेले सोललेल्या काकी फळांचे (जपानी पर्सिमनचे) हार. दुपारी त्सुमागोत शिरलो.

त्सुमागोबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. १९११ मध्ये चूओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि तो नदीकाठानं गेला. डोंगरातला रस्ता एका फटक्यात निकामी झाला. मुक्कामाला कुणी येईना, तरुण बाहेर पडले, घरं मोडकळीला आली. नवं बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनं टिकलं. १९६८ मध्ये नागानो प्रांताच्या मदतीनं डागडुजी सुरू झाली, आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपला ठराव केला : विकणार नाही, भाड्यानं देणार नाही, पाडणार नाही. १९७६ मध्ये सरकारनं देशातल्या पहिल्या सात संरक्षित वसाहतींत त्सुमागोचा समावेश केला. विजेच्या तारा घरांमागून नेल्या आहेत, दिवसा दहा ते चार मुख्य वाटेवर गाड्यांना मज्जाव आहे. टपाल कार्यालयाबाहेर काळी लाकडी पेटी आहे, तिच्यातून आम्ही नागोयाला भाच्याच्या नावानं पत्र टाकलं.

माझ्या मते हा ठराव जपानमधल्या कुठल्याही किल्ल्याइतका बघण्यासारखा आहे. तो कुणी वरून लादला नाही. जी माणसं घर विकून शहरात सुखानं राहू शकली असती त्यांनी आपणहून स्वतःला बांधून घेतलं, आणि नातवंडांनाही.

ओकुया हे दुय्यम उतारवाड्याचं घर जरूर बघावं. १८७७ चं, अस्सल हिनोकीचं. बंदी उठल्यावर मालकांनी वर्षानुवर्षं न मिळालेलं लाकूड हौसेनं वापरलं. तिथल्या बाई आम्हाला चुलाण्यापाशी बसवून दाखवत होत्या : घरमालक इथे, पाहुणा इथे, बायका या बाजूला, जिथे धूर येतो. उभ्या पट्ट्यांच्या उंच खिडकीतून नोव्हेंबरचं तिरपं ऊन आत येत होतं आणि धुरामुळे त्याचे पट्टे वेगवेगळे मोजता येत होते. आई म्हणाली, "बायकांना धुराकडे बसवायची रीत सगळीकडची एकच म्हणायची." बाईंना मी तोडक्यामोडक्या जपानीत ते सांगितलं, तर त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली.

तिसरा दिवस : नागिसो – किसो-फुकुशिमा – नाराई

त्सुमागोहून नागिसो स्टेशन बसनं दहा मिनिटं, चालत तासभर. सकाळच्या बसमध्ये आमच्याखेरीज दवाखान्यात निघालेल्या दोन आजी आणि एक शाळकरी मुलगा. ड्रायव्हर प्रत्येकाला ओळखत होता. एका आजीला तो हळूच काही विचारत होता, बहुधा गुडघ्याबद्दल, कारण त्यांनी गुडघ्यावर थापटून उत्तर दिलं. आपल्याकडच्या मुक्कामी एसटीवर जसा गावाचा बाजार, कॉलेज आणि दवाखाना चालतो, तशी ही बस त्या खोऱ्याची आहे. आपण तिच्यात बसलेले पाहुणे. म्हणून मोठ्या बॅगा घेऊन अशा बसमध्ये चढू नये, सकाळच्या फेरीत पुढच्या सीटा सोडाव्यात, आणि उतरताना सुटे पैसे तयार ठेवावेत. आपली खोळंबा करणारी दोन मिनिटं कुणाची तरी आगगाडी चुकवू शकतात.

नागिसोला गाडीला वेळ होता आणि तो वेळ वाया जाऊ नये म्हणून मोमोसुके पूल आधीच हेरून ठेवला होता. स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालत. किसो नदीवरचा हा २४७ मीटर लांबीचा लाकडी झुलता पूल १९२२ मध्ये वीज केंद्राच्या बांधकामासाठी उभारला, आणि तो उद्योजक फुकुझावा मोमोसुके यांच्या नावानं ओळखला जातो. खाली पांढरे धोंडे आणि हिरवंगार पाणी, वर सकाळचं धुकं. मोठा वेटिंग टाइम दिसला की स्टेशनभोवती किलोमीटरभरात काय आहे ते आधी शोधून ठेवावं. खेड्यातल्या प्रवासात असे तास मिळतातच.

लोकल गाडी दोन डब्यांची. लहान स्टेशनांवर कर्मचारी नसतो, तिथे पुढच्या डब्यातूनच उतरायचं आणि तिकीट ड्रायव्हरला द्यायचं. शहरातलं टॅप करायचं कार्ड इथे प्रत्येक स्टेशनवर चालेल असं गृहीत धरू नये. आम्ही कागदी तिकिटंच काढली.

किसो-फुकुशिमाला तासाभरापुरतंच थांबलो. नाकासेंदोवरचा मोठा तपासणी नाका इथे होता आणि आता त्याची प्रतिकृती आहे. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, या दोहोंवर पाळत. सरदारांच्या बायका राजधानीत ओलीस असत, त्या निसटू नयेत म्हणून. नाक्यापेक्षा आईला नदीवर अधांतरी उभी असलेली घरं आवडली आणि नदीकाठचं गरम पाण्याचं पाय शेकायचं टाकं. मोजे काढून बसलो, पाय लाल होईपर्यंत.

नाराईला 'शिनानो' थांबत नाही, फक्त लोकल थांबते. त्यामुळे फुकुशिमातून कोणती लोकल घ्यायची हे त्या दिवसाचं पहिलं ठरलेलं कलम होतं, बाकी सगळं तिच्या मागेपुढे बसवलं. गाडी शाळेतून सुटलेल्या मुलांनी भरलेली. गणवेश, पाठीवर बॅडमिंटनच्या पिशव्या, कुणी गृहपाठ करतंय. एकेका स्टेशनवर दोघं-तिघं उतरत गेली. या लोकल इतक्या विरळ आहेत तरी टिकून आहेत त्या या मुलांमुळे, आणि मुलांची संख्या दरवर्षी घटते आहे. माझ्यासारख्या चार पर्यटकांची तिकिटं त्यात थोडी भर घालत असतील तर मला गाडीनं जाण्यात दुप्पट समाधान आहे.

नाराई स्टेशन १९०९ मध्ये सुरू झालं आणि गाव त्याला लागूनच आहे. अकरांपैकी सर्वांत सोयीचं हेच. किलोमीटरभर लांब एकच रस्ता, दोन्ही बाजूंना पुढे झुकलेल्या माड्यांची घरं, मधे मधे लाकडी डोणीत पडणारं झऱ्याचं पाणी. ते पिता येतं. इथल्या कंगवे विकणाऱ्या नाकामुरा घराण्याचं घर उचलून कावासाकीच्या संग्रहालयात न्यायचं घाटत होतं, आणि त्यातूनच गाव आपलं जतन करायला जागं झालं. घर आजही जागेवर आहे. लाखकामाची दुकानं पुष्कळ; १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या पदकांत किसोचं लाखकाम होतं. आईनं दोन साध्या वाट्या घेतल्या.

चौथा दिवस : मात्सुमोतो

सकाळी दोन गाड्यांमधल्या मोकळ्या वेळात हिनोकीचा कमानी पूल पाहिला, आक्रोड आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचं वाटण लावून भाजलेली गोहेइ-मोची, म्हणजे काडीवरची भाताची वडी, खाल्ली, आणि शिओजिरीला गाडी बदलून पाऊण-एक तासात मात्सुमोतोला पोचलो. बॅगा हॉटेलवर येऊन पडल्या होत्या. किल्ल्याचा काळा बुरूज सोळाव्या शतकाच्या अखेरचा, राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या पाच किल्ल्यांपैकी एक. आतले जिने उभे, शिडीसारखे. आई खाली खंदकाकाठी बसली, मी वर जाऊन आले. किल्ल्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी थांबते.

तोक्योहून येणाऱ्यांनी हीच फेरी उलटी करावी : शिंजुकूहून 'आझुसा' गाडीनं अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतो, मग नाराई, मग नागिसो. त्यांनी पहिली रात्र नाराईत आणि दुसरी त्सुमागोत काढावी. तिसऱ्या दिवशी त्सुमागोहून मागोमे चालत जायचं तर चढ वाढतो, म्हणून सकाळच्या बसनं आधी मागोमेच्या खिंडीत यावं, तिथून मागोमेत उतरावं, आणि संध्याकाळी नाकात्सुगावामार्गे नागोया गाठावं. एकच रात्र हाताशी असेल तर ती त्सुमागोत. खोली मात्र नोव्हेंबरच्या पानगळीसाठी दोन-तीन महिने आधी धरावी, आणि शेवटच्या बसची वेळ खोली धरण्याआधी बघावी.